व्याघ्रगडाची सहल : वाघ दिसला नाही, तेव्हा मुलांना काय सांगायचं?



यंदा थंडीत कर्वेनगरमधले आम्ही काही शिक्षक, पालक आणि सातवी-आठवीची मुलं मिळून वासोट्याला जाऊन आलो. हा किल्ला सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यात, कोयना अभयारण्यात येतो. म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत. ‘व्याघ्र प्रकल्प’ ऐकल्यापासून मुलांच्या डोक्यात फक्त वाघ! परतताना एक मुलगा हिरमुसून म्हणाला, “मॅडम, वाघ तर दिसलाच नाही. मग आपण बघितलं काय?” प्रश्न रास्त होता. त्याचं नीट उत्तर देता यावं म्हणून हा लेख.

प्रवास कसा होतो?

पहाटे चारला निघालो. वारज्याहून महामार्गाला लागलं की सातारा साधारण ११० किलोमीटर. तिथून कासमार्गे बामणोली. बामणोलीत वनविभागाची परवानगी काढावी लागते, मग बोट. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तासाचा प्रवास, आणि पलीकडे उतरलं की जंगलातून चढण. वनकर्मचाऱ्यांनी आमच्या पिशव्यांतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून वहीत लिहून घेतल्या. जेवढं नेलं तेवढं परत दाखवायचं! मुलांना हे फार आवडलं. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे संध्याकाळच्या आत परत फिरावंच लागतं. पावसाळ्यात इथे जाता येत नाही.

पडक्या भिंती काय सांगतात?

गडावर छप्पर नसलेलं मारुतीचं मंदिर, वाड्याचे चौथरे, पाण्याची टाकी, चुन्याची घाणी आणि महादेवाचं मंदिर आहे. १६६० मध्ये हा गड स्वराज्यात आला. शिवाजी महाराजांनी त्याचं नाव ‘व्याघ्रगड’ ठेवलं असं सांगतात. इतक्या आडरानातल्या गडाचा तुरुंग म्हणून चांगला उपयोग झाला. राजापूरच्या वखारीतून पकडलेल्या इंग्रजांपैकी काही जण इथे कैदेत होते.

पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलीण या बाईने हा गड बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला. मुली ही गोष्ट कान टवकारून ऐकत होत्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि गड पडला. जुना वासोटा गडावरून समोर दिसतो. मधली दरी बघितली, की तोफा तिकडेच का नेल्या हे मुलांना आपोआप कळतं. फळ्यावर नकाशा काढून ते इतकं पटत नाही.

मग वाघ कुठे आहे?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून २०१० मध्ये हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. जागा भरपूर, पण वाघ मात्र नावापुरतेच राहिले. असं का? इथे गणित कामाला येतं. एका वाघाला आठवड्याला साधारण एक मोठं जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नासेक. कळपातली दहा टक्के जनावरं वाघाने खाल्ली तरी कळप टिकतो असं धरलं, तर एका वाघामागे पाचशे जनावरं हवीत! म्हणून सांबर, भेकर, गवे वाढले तरच वाघ टिकेल. नुसता फलक लावून जंगल वाघाचं होत नाही. २०२५ च्या अखेरीस ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली, ती याच प्रयत्नांचा भाग म्हणून.

बोटीतला धडा

जाताना बोटीत एक मुलगी हळूच म्हणाली होती, “मॅडम, माझ्या आजीचं माहेर या पाण्याखाली आहे.” मी तेव्हा नुसतं “हो का?” म्हटलं. खरं सांगते, मला पुढे काय बोलावं सुचलंच नाही.

परतताना मात्र तिलाच सगळ्यांना सांगायला लावलं. धरण झालं तेव्हा आजी लहान होती. सामान डोक्यावर घेऊन सगळं गाव निघालं. देवळातला देव नेला, चिंचेचं झाड तिथेच राहिलं. बोटीत एकदम शांतता!

कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उजळला, आपल्या घरातले दिवेही त्यात आले. पण प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. पुढे जंगल राखण्यासाठीही अनेक गावं उठली. गडाच्या पायथ्याचं मेट इंदवली त्यांतलंच. आज तिथे शांत, दाट रान दिसतं, कारण कुणीतरी आपलं घर सोडलंय. वाघ वाचायलाच हवा, पण ही किंमत कोणी मोजली हेही मुलांना सांगायला हवं. व्याघ्र प्रकल्पातले किल्ले मेळघाटातही आहेत, गाविलगड आणि नरनाळा. राजस्थानात रणथंबोर आहे. कुठेही गेलात तरी हा प्रश्न विचाराच : इथे आधी कोण राहत होतं?

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. गडावरच्या एका अवशेषाचं चित्र काढून, तो कशासाठी बांधला असेल ते पाच ओळींत लिहिणे.
२. दहा वाघांना किती सांबरं लागतील, याचं गणित मांडणे.
३. घरातल्या मोठ्यांना विचारणे : आपलं मूळ गाव कोणतं, आणि ते का सुटलं?

तिसऱ्या उपक्रमाला आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वह्या भरल्या. ज्याला वाघ दिसला नव्हता, त्याने तर चार पानं लिहिली!