फरक नको, गावाचं नाव द्या

न्यू जर्सीत रविवारी सकाळचे ९ वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३०. भारतातलं घड्याळ हलत नाही. इथलं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतं.

आमच्या मराठी वर्गाच्या वेळापत्रकात मी 'फरक साडेनऊ तास' असं पक्कं लिहिलं होतं. नोव्हेंबरात गोष्ट सांगायला आजी पुण्यात साडेसहालाच लॅपटॉपसमोर बसल्या. इथे सकाळचे आठ, मुलं अंथरुणात! आजींनी तासभर वाट पाहिली. चूक माझीच.

वेबसाइटवर कॅलेंडर दाखवायला आम्ही डेव्हलपर 'फुलकॅलेंडर' हा तयार घटक वापरतो. सहाव्या आवृत्तीत वर्षाचे बाराही महिने एकत्र दिसू लागले. सुट्टीत भारतात कधी जायचं, ते ठरवायला सोयीचं. पण मला जास्त मोलाची वाटते ती टाइम झोनची सोय. त्यासाठीचा प्लगइन जोडून 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं नाव दिलं, की घड्याळबदलाचे नियम तोच पाळतो.

घरात कोणी असं कॅलेंडर बनवत असेल, तर एवढं जरूर सांगा: तासांचा फरक लिहू नका, गावाचं नाव द्या. तिकडे कुणीतरी वाट पाहत असतं.