सारख्या दिसणाऱ्या टमाट्यांची पारख

महसूल खात्यात आमची हयात कारकुनी करण्यात गेली. तेथे शेतास गावकरी काय म्हणतात यास फारसे मोल नसे. गट क्रमांक कोणता आणि चतुःसीमा काय, हे आधी विचारले जाई. 'आंब्याचे शेत' एकाच गावात तीन निघतात. परसातील टमाट्याच्या वाणांविषयीही आमचे मत आता तसेच झाले आहे, आणि त्यास आमचीच एक चूक कारण झाली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही 'पुसा रूबी' आणि 'पुसा अर्ली ड्वार्फ' हे वाण शेजारशेजारच्या वाफ्यांत लावले होते. दोहोंचे बी धरून कागदाच्या पुड्यांत बांधले. पावसाळ्यात पुड्यांस ओल लागली व शाईची अक्षरे पुसली गेली. आम्ही अदमासाने पुन्हा नावे घातली आणि एका शेजारी बंधूंस, "ही बुटकी जात, हीस आधाराची गरज नाही," असे सांगून एक पुडी दिली. निघाली ती रूबी! झाडे भुईवर पसरली, परतीच्या पावसात फळे मातीस टेकून सडली आणि पाच गुंठ्यांतील बहुतेक माल वाया गेला. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

या दोन वाणांत घोटाळा होणे साहजिक आहे. दोन्ही दिल्लीच्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेचे. (मूळचे पुसा बिहारात, १९३४ च्या भूकंपानंतर संस्था १९३६ साली दिल्लीस आली व नावही बरोबर आले.) 'इम्प्रूव्हड मीरुती' हा दोहोंचा एक जनक समान, दुसरा मात्र निराळा, रूबीचा 'सू' आणि ड्वार्फचा 'रेड क्लाउड'. म्हणजे ही सावत्र भावंडेच होत. फळे दोहोंची चपटगोल व लाल. टोपलीत एकत्र ठेवली तर केवळ फळावरून निवाडा करू नये, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

निवाडा झाडावर होतो. रूबीचा शेंडा वाढतच राहतो. फुलांच्या एका घोसापासून दुसऱ्यापर्यंत बहुधा तीन पाने मोजता येतात. बुटक्या जातीत घोस जवळजवळ येतात, मध्ये एक किंवा दोनच पाने असतात, आणि शेवटी फांदीचा शेंडाच घोसात संपतो. तीन-चार घोस लागल्यावर पाच झाडे घेऊन पाने मोजावीत. एका झाडावर विसंबू नये. पांढऱ्या माशीमुळे बोकड्या रोग आला की उंच जातीचे झाडही आकसून बुटके दिसते. असे रोगट झाड साक्षीस घेऊ नये, व त्याचे बीही धरू नये.

रंगाची साक्ष त्याहून अवघड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री' वाणाची फळे नारिंगी, तर 'भाग्यश्री'ची लालभडक, भरपूर गराची व कमी बियांची असतात. कार्तिक-मार्गशीर्षात हा भेद मुलासही कळेल. परंतु आमच्या छत्रपती संभाजीनगरात वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. सुमारे ३० अंशांच्या वर उष्णता सतत राहिली की फळातील लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. पिवळे द्रव्य मात्र होत राहते. मग भाग्यश्रीचे फळही नारिंगीच राहते, आणि बी बदलून दिले म्हणून आपण विक्रेत्यावर विनाकारण रागावतो. यास्तव रंगाचा निर्णय हिवाळी पिकावरच करावा. उन्हाळ्यात फळ आडवे कापून गर व बी पाहावे, ती खूण अधिक भरवशाची. लाल आणि गुलाबी जातींत संशय पडल्यास पिकलेल्या फळाची साल काढून उजेडाकडे धरावी: लाल जातीची साल पिवळसर, गुलाबीची बिनरंगी असते.

नावांचे म्हणाल तर या फळासच आपण टमाटे म्हणतो, विदर्भात भेदरे, आणि जुनी मंडळी वेलवांगे म्हणत! असो.

पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये नवा वाण नोंदवावयाचा झाल्यास तो ज्ञात वाणांहून वेगळा, एकसारखा व स्थिर असावा लागतो, आणि मिळत्याजुळत्या वाणांशेजारी लावूनच ते पाहतात. आपणही परसात हेच करावे: एक माती, एक तारीख, एक पाणी. याच कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे नाव घातलेल्या वेष्टनात ते विकता मात्र येत नाही. संकरित जातीचे बी धरू नये. पुढील पिढीत झाडे नाना तऱ्हेची निघतात. सरळ वाणांत परागीकरण बहुतांशी स्वतःचे स्वतःच होत असल्याने बी सहसा टिकते.

हल्ली आम्ही पुडीवर शाईने न लिहिता शिसपेन्सिलीने लिहितो, कारण ती ओलीने फुटत नाही; आणि तसेच नाव लिहिलेली एक चिठ्ठी पुडीच्या आतही टाकतो. शेजाऱ्यांस यंदा नवी पुडी दिली आहे. तिच्यासोबत त्यांनी बांबूही मागितले.