कपाळावरच्या दोन पट्ट्या

शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवलेलं आहे. रक्त फिरवण्याचं काम हार्ट-लंग मशीनकडे आहे. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे बहुधा मुका होतो. त्याला नाडीचा ठोका लागतो आणि मशीनमधून रक्त सहसा संथ, अखंड धारेने येतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू लागतो जवळपास 20 टक्के. त्याची खबर कशी घ्यायची?

भुवयांच्या वर, डावीकडे-उजवीकडे एकेक चिकटपट्टी लावतात. तिच्यातून निघालेला अवरक्त प्रकाश कवटीतून आत शिरतो. प्राणवायू घेतलेलं आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळा शोषतं. परतलेला प्रकाश दोन ठिकाणी टिपतात: जवळ कातडी-हाडातला, जरा लांब त्याहून खोलवरचा. पहिला वजा केला की मेंदूचा अंदाज येतो. 1977 मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या कल्पनेतून हे यंत्र आलं.

पडद्यावर 65 दिसलं तर घाबरायचं कारण नाही. बोटावर 97 येतात ते धमनीतल्या रक्ताचे. इथे बहुतांश शिरांमधलं, म्हणजे मेंदूने आपला वाटा घेऊन झाल्यावरचं रक्त मोजलं जातं. खरी मेख आकड्यात नाही, घसरणीत आहे. भूल देण्यापूर्वीचा आकडा नोंदवून ठेवतात आणि तो पाचव्या हिश्श्याने खाली आला की शोध सुरू होतो. मान वळून शिरा दाबल्या गेल्या का? मशीनची नळी सरकली का? एकाच बाजूचा आकडा पडला तर हे दोन संशय आधी येतात. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि कार्बन डायऑक्साइडही, कारण तो फार कमी झाला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. भूलतज्ज्ञ आणि हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट यांची ही धावपळ मिनिटांत उरकावी लागते.

पण या पट्ट्यांना फक्त कपाळामागचा मेंदू दिसतो. मागच्या भागात गुठळी अडकली तर त्यांना पत्ताही लागत नाही. गडद त्वचेमुळेही आकडा कमी दिसू शकतो. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. पक्षाघात या पट्ट्यांमुळे टळतो, असं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यालाही खात्रीने म्हणता आलं नाही. तरीही माझ्या मते, वेळेवर मिळणारा हा इशारा मोलाचा आहे.

घरात कुणाची हृदयशस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी भूलतज्ज्ञांना भेटा. मेंदूवर लक्ष कसं ठेवणार, हे विचारा. पूर्वी पक्षाघात झाला असेल किंवा मानेच्या धमनीत अडथळा असेल, तर तेही न विसरता सांगा.