पोट्टा फक्त उभा होता

आज बचतीचा विषय नाही, पण सुरुवात कर्जापासूनच करते. मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंनी फवारणीसाठी म्हणून पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं. हप्ता थकला तेव्हा खरं कळलं. पोराच्या भांडणात समोरच्याच्या दवाखान्याला ते पैसे गेले होते. म्हणाल्या, "ताई, पोट्टा तं फक्त उभा होता. त्यानं कोनाले हातबी नाही लावला." पोरगा सतरा वर्षांचा.

हे 'फक्त उभं राहणं' काय असतं, तेच आज बोलू.

पुण्यात २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला 'कोयता गँग' हे नाव गाजलं. हातात कोयते घेऊन गाड्या फोडणारी, लोकांना धाक दाखवणारी टोळकी. त्यांत कितीतरी अल्पवयीन. आपल्या दर्यापूर-बनोसाकडे ऊस नाही, घरात असतो तो निंदणाचा इळा. पोरांना कोयता दिसला तो मोबाइलमध्ये.

टोळी काही एका दिवसात होत नाही. आपला हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे ओलीत जवळजवळ नाहीच. कपाशी, तूर, हरभरा निघाला की पोरांच्या हाताला काम उरत नाही. मग चौकात बैठक. एखादा 'भाऊ' पेट्रोलला, नाश्त्याला पैसे देतो, वाढदिवसाच्या फलकावर यांचाही फोटो लावतो. ज्या पोराला घरी दिवसभर "काही कामाचा नाही" ऐकावं लागतं, त्याला तो फोटो फार मोठा वाटतो. (हे वाक्य आपणही म्हणतो बरं का, मीही भावाला म्हटलंय.) पुढे तलवारीने केक कापायचा, त्याची रील टाकायची, त्यावर दुसऱ्या गावचा कोणी वाकडं लिहितो, आणि एक दिवस फोन येतो, "ये, नुसता उभा राह्य."

आता कायदा ऐका. पाच किंवा जास्त जण गुन्ह्याच्या इराद्याने जमले आणि त्यातल्या एकाने त्याच इराद्यापायी कोणाला मारलं, तर त्या जमावात सामील असलेला प्रत्येक जण दोषी धरला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं हे कलम १९०. जुन्या कायद्यातही हेच होतं. रील हा तर पोरांनी स्वतःच तयार केलेला पुरावा. तलवार मिरवल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात.

"तू लहान आहेस, तुले काही होत नाही" असं सांगून हत्यार मुद्दाम लहान पोराच्या हाती दिलं जातं. हे खोटं आहे. सोळा वर्षांवरच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ तपासून त्याला मोठ्यांसारख्या खटल्यासाठी पाठवू शकतं. आणि मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या त्या भाऊला कलम ९५ खाली तीन ते दहा वर्षं कैद आहे. हे पोरांना घरी सांगा. अठरा ओलांडलेल्यांचं वेगळंच. पहाटे रस्त्याने पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं तुम्ही पाहता ना? तिथे चारित्र्य पडताळणी होते, आणि नोंदलेला गुन्हा आडवा येतो.

पोराला पकडलंच तर घाबरून भाऊकडे पळू नका. तो मदत करतो, पण त्या मदतीची फेड पुन्हा पोराकडूनच होते. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. वकिलाला पैसे नसले तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. बाईला आणि मुलाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करून माहिती घेता येते, मुलांसाठी १०९८ आहे.

त्याआधीची खूण मात्र आईलाच दिसते. नवा मोबाइल, कोणाची तरी गाडी, रात्री उशिरा येणं. ओरडायच्या आधी एकच विचारा: पैसे कोण देतो?

आमच्या ताईंनी ते विचारलं नव्हतं, आणि गटालाही सांगितलं नव्हतं, लाजेपायी. आम्ही हप्ता लांबवून दिला. पोरगा सध्या एका गॅरेजवर जातो. पुढच्या महिन्यात अमरावतीला मंडळापुढे तारीख आहे; गटातल्या आम्ही दोघी ताईंसोबत जाणार आहोत.