माजी सैनिकांचं जुनं दुखणं एकट्या गोळीनं का थांबत नाही?

रत्नागिरी जिल्ह्यात सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले अनेक जण आहेत. काहींच्या सोबत कंबरेचं, गुडघ्याचं किंवा जुन्या जखमेचं दुखणंही येतं. एक्स-रे होतो, गोळ्या होतात, पण दुखणं हटत नाही. असं का होतं?

दुखणं ‘जुनाट’ कधी होतं?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. जखम भरली तरी मज्जासंस्था धोक्याचे इशारे देत राहू शकते. अपुरी झोप, चिंता आणि कमी झालेली हालचाल यांमुळे ती वेदना वाढते. म्हणजे दुखणं खोटं नसतं, त्याची कारणं मात्र अनेक असतात.

एकत्रित उपचारांची कल्पना कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांना जाणवलं, की अशी वेदना एकट्या डॉक्टरला उलगडत नाही. वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून रुग्णाचा विचार करायला हवा, असा आग्रह त्यांनी धरला. १९५३ मध्ये त्यांचा वेदना-उपचारांवरचा ग्रंथ आला.

तरी पुढे अमेरिकेत मॉर्फिनसारख्या अफूवर्गातल्या औषधांचा वापर खूप वाढला. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या २४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखी आणि सांधेदुखीच्या या रुग्णांना वर्षभरानंतर रोजच्या कामांत अशा औषधांचा इतर औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दुष्परिणाम मात्र जास्त दिसले.

टीममध्ये कोण असतं?

डॉक्टर कारण शोधतात आणि औषधं ठरवतात. फिजिओथेरपिस्ट हालचाल हळूहळू वाढवतात. समुपदेशक झोप, ताण आणि दुखण्याची भीती यांवर काम करतात. उद्दिष्ट सगळ्यांचं एकच असावं लागतं. ‘वेदना शून्य’ यापेक्षा ‘घाटी चढून देवळापर्यंत जाता येणं’ हे उद्दिष्ट जास्त उपयोगी.

रुग्णानं काय करावं?

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर गरजेनुसार पुढच्या रुग्णालयात पाठवतात. प्रत्येक तज्ज्ञ आपापला भाग पाहतो, त्यामुळे सगळे धागे जोडणारं कुणीतरी लागतं. म्हणून एकच फाइल ठेवा, सर्व औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरला दाखवा आणि पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना विचारा, “माझा पूर्ण आराखडा काय?” वेदनाशामक गोळ्या मनानं वर्षानुवर्षं घेऊ नका; मूत्रपिंड आणि पोटाला धोका असतो. मन खचत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.