डिचोलीची लाल धूळ आणि बॉनेटवरचा आरसा

डिचोलीत खनिजाचे टिपर धावतात त्या रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीवर बोट फिरवावंसं वाटतंय? थांबा! त्या लाल धुळीत हेमॅटाइटचे, म्हणजे लोहखनिजाचे कण आहेत. जवळजवळ काचेइतके कठीण. आणि त्यांच्याखाली काय आहे?

गाडीची चकाकी रंगाची नसतेच मुळी! ती रंगावरच्या पारदर्शक थराची, क्लिअरकोटची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. आपला केसही बहुधा याहून जाड. ऊन, पाऊस, पेडण्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा, सगळ्याला हा पापुद्रा तोंड देतो. पण कोरड्या फडक्याखाली सापडलेल्या कणापुढे हरतो.

म्हणून आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या. मग सावलीत दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. छपरापासून खाली या. मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळा, मगच शॅम्पूत बुडवा.

तरी उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळं दिसतात ना? ती वर्तुळं नाहीतच! ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात. मान हलवा, वर्तुळही सरकेल.

पॉलिश हे ओरखडे कसे घालवतं? भोवतालचा थर झिजवून, त्यांच्या तळाशी नेऊन! म्हणूनच ते क्वचितच करायचं. झिजवतात अतिसूक्ष्म कठीण कण. आज बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. पण सोन्याचे दागिने आणि दुर्बिणींचे आरसे उजळणारी लाल भुकटी, रूज, ती कशाची? लोहऑक्साइडची, रासायनिक दृष्ट्या हेमॅटाइटच! भरड असला तर ओरबाडतो, पुरेसा बारीक झाला तर तोच पदार्थ आरसा घडवतो.

आता संरक्षण. कार्नौबा मेण येतं ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून. कोरड्या ऋतूत पानातलं पाणी आत राखायला झाड हे मेण पांघरतं. आपण तेच मेण पाणी बाहेर ठेवायला गाडीवर चढवतो. ते 80 अंशांपुढेच वितळतं, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हातही टिकाव धरतं.

पावसाआधी त्याचा पातळ हात द्या. पाणी थेंब होऊन घरंगळतंय तोवर मेण शाबूत आहे. पसरून बसायला लागलं की पुन्हा लावायची वेळ आली, हे पाणीच सांगतं!