कायद्याच्या लेखी कोणीच नाही

ॲन एलायझाने नवऱ्याकडे मोठा स्टोव्ह मागितला होता. सॉल्ट लेक सिटीतल्या घरात तिने चार पैशांसाठी जेवूनखाऊन राहणारे भाडेकरू ठेवले होते, आणि त्यांच्या स्वयंपाकाला जुना स्टोव्ह अपुरा पडत होता. नवरा नाही म्हणाला. हा नवरा म्हणजे ब्रिगहॅम यंग, मॉर्मन चर्चचा अध्यक्ष आणि युटा प्रांताचा पहिला गव्हर्नर. त्या काळच्या अमेरिकेतली फार बलाढ्य असामी. ॲन एलायझाच्या आठवणींच्या पहिल्या पुस्तकात मोठमोठे आरोप आहेत, पण मी अडकले ती या स्टोव्हपाशी. संसार मोडायला अशीच एखादी वस्तू निमित्त होते.

तिचा जन्म १८४४चा, इलिनॉयमधल्या नॉव्हू गावचा. वडिलांनी दुसरं लग्न केलं तेव्हा ती अगदी लहान होती. सवत घरात येते म्हणजे काय होतं, हे ती आईकडे बघतच शिकली. पहिला नवरा मारकुटा निघाला. १८६५मध्ये काडीमोड घेऊन ती दोन मुलांसह माहेरी परतली. १८६८मध्ये यंगशी लग्न झालं तेव्हा तो ६६ वर्षांचा होता, ती २३ची. ती त्याची कितवी बायको, यावर आजही एकमत नाही. कोणी एकोणिसावी म्हणतं, कोणी सत्ताविसावी. यंगच्या सगळ्या बायका मोजल्या तर आकडा पन्नासच्या वर जातो.

लग्नानंतर त्याने तिला शहराबाहेरच्या आपल्या शेतावर ठेवलं. तिथे गड्यांचा स्वयंपाक करायचा आणि शहरातल्या यंग कुटुंबांसाठी लोणी-चीज काढून पाठवायचं. आई सोबतीला होती. तीनेक वर्षं हे चाललं, मग ती शहरातल्या त्या घरात राहायला आली. जुलै १८७३मध्ये तिने घरातलं सामान लिलावात काढलं, वॉकर हाउस हॉटेलात खोली घेतली आणि घटस्फोटाचा दावा लावला.

पुढे कोर्टात जे घडलं, ते सगळ्यांत जिव्हारी लागणारं आहे. नवऱ्याचं महिन्याचं उत्पन्न ४०,००० डॉलर आहे, असं सांगून तिने पोटगी मागितली. आकडा फुगवलेला असेलही. यंगने ६,००० कबूल केले आणि खरा डाव पुढे टाकला. माझं मेरी ॲन एंजेलशी १८३४मध्येच कायदेशीर लग्न झालंय, ती हयात आहे, तेव्हा ही बाई कायद्याने माझी बायकोच नाही! ज्या बहुपत्नीत्वाच्या लग्नाशिवाय स्वर्गात वरचं स्थान नाही, अशी शिकवण हा माणूस व्यासपीठावरून देत होता, तेच लग्न कोर्टाच्या पायरीवर त्याने झटकून टाकलं.

न्यायाधीश जेम्स मकीन यांनी महिना ५०० डॉलर पोटगी आणि ३,००० डॉलर खर्च द्यायचा हुकूम केला. यंगने तो मानला नाही, म्हणून मार्च १८७५मध्ये त्याला २५ डॉलर दंड आणि एक दिवसाची कैद झाली. लगेच मकीन यांचंच पद गेलं.

तोवर ॲन एलायझा देशभर गाजत होती. नोव्हेंबर १८७३मधल्या एका रात्री ती घोडागाडीतून युइंटा स्टेशनला पोचली आणि तिथून आगगाडीने निसटली. डेन्व्हर, बॉस्टन, वॉशिंग्टन अशी तिची व्याख्यानं झाली. वॉशिंग्टनला खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट ऐकायला आले. पुढे जून १८७४मध्ये पोलंड कायदा झाला आणि बहुपत्नीत्वाचे खटले मॉर्मनांच्या हातातल्या कोर्टांकडून संघराज्याच्या कोर्टांकडे गेले. श्रेय एकट्या तिचं नव्हे, पण ती व्याख्यानं वाया गेली असंही नाही. अर्थात, सगळ्या मॉर्मन बायका तिच्या बाजूच्या नव्हत्या. बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ १८७०मध्ये हजारो बायकांनी सॉल्ट लेकमध्ये सभा भरवली होती. त्यांचा आवाज उसना होता, असं मी म्हणणार नाही.

यंगचाच एक चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याचा खटला १८७९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. धर्माच्या नावावर काहीही चालू द्यायचं का, हे विचारताना सरन्यायाधीश वेट यांनी दाखला दिला तो नवऱ्याच्या चितेवर जाणाऱ्या बाईचा. आपली सती युटाच्या खटल्यात अशी येऊन उभी राहिली. पण त्याच निकालात बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची रीत, असा शेराही आहे. तो वाचताना मन खट्टू होतं.

ॲन एलायझाचा निकाल त्याआधी, एप्रिल १८७७मध्ये लागला. बहुपत्नीत्वातलं लग्न मुळातच रद्दबातल, म्हणून घटस्फोटही नाही आणि पोटगीही नाही. यंगचं म्हणणं खरं ठरलं. ऑगस्टमध्ये तो वारला. तिने पुढे आणखी एक लग्न केलं, तेही मोडलं. १९०८मध्ये तिचं दुसरं पुस्तक निघालं. त्यावर लेखिकेचं नाव छापलं होतं, ॲन एलायझा यंग.